डावा पाय अनवाणी

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला खुशाली कळवायची असते, म्हणून कळवते: मी ठणठणीत आहे. वहिनीचे गुडघे, तुझा रक्तदाब आणि ड्रायव्हिंग स्कूलची ती म्हातारी गाडी, तिघंही बरी असतील असं धरून चालते. त्यातल्या त्यात काळजी मला गाडीचीच वाटते, कारण तिच्यात रोज नवशिके बसतात.

तुझे फोन येऊन गेलेले दिसले. घ्यायला जमलं नाही. टेस्ट ट्रॅकवर फोन जवळ ठेवू देत नाहीत, आणि घरी आले की मी जी आडवी होते ती सकाळीच उठते. मेसेज करावा तर तू नुसता अंगठा पाठवतोस. 'ताप आलाय' लिहिलं तरी अंगठा, 'ताप उतरला' लिहिलं तरी अंगठा. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं.

इथे सध्या दोन गाड्यांची जुंपली आहे. एक आमच्या कंपनीची नवी स्पोर्ट्‌स सेडान, जी अजून बाजारात यायची आहे. दुसरी तिच्याच तोडीची, दुसऱ्या कंपनीची, शोरूममधून रीतसर विकत आणलेली. बाजारात येईपर्यंत गाडीला नाव नसतं, म्हणून आम्ही रंगावरून हाका मारतो. आमची ती काळी आणि त्यांची ती लाल. दोन्ही मॅन्युअल. आम्ही चाचणीवाले दोन्ही आळीपाळीने चालवतो आणि क्लच कसा, गिअर कसा, यावर गुण देतो. तुला यातलं सगळं कळतं आणि इथे दुसऱ्या कुणाशी बोलायची सोय नाही, तेव्हा ऐक.

काळीचं पेडल हलकं आहे. पाय ठेवला की लोण्यात रुतल्यासारखा खाली जातो. पहिल्या दिवशी कौतुक वाटतं. पण पाय वर घेताना गाडी नेमकी कुठे उचलते ते कळत नाही. कधी अर्ध्यावर, कधी त्याच्याही वर. आमच्या इंजिनिअर मंडळींनी क्लचच्या तेलाच्या नळीत एक छोटीशी झडप बसवली आहे. कुणी पाय झटकन सोडला तरी गाडीला धक्का बसू नये म्हणून. धक्का गेला हे खरं, पण धक्क्यासोबत पायाला मिळणारी खबरही गेली. गिअरचंही तेच. दांडा आखूड, हात मारला की पडतो, पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रबर ओढल्यासारखं वाटतं.

लालचं पेडल जड. गर्दीत अडकलास तर पोटरी शिव्या देईल. पण तिचा क्लच ठरलेल्या जागी पकडतो, काल जिथे पकडला तिथेच आज. आणि पेडल दाबलं की तळपायाखाली एक बारीकशी थरथर येते. मी अहवालात लिहिलं, 'पेडल तळपायाशी बोलतं.' गिअर पडला की दात्यात दाता बसल्याचं तळहाताला समजतं. लालला मी काळीपेक्षा पुष्कळ जास्त गुण दिले.

बाकी सगळ्यांनी काळीला डोक्यावर घेतलंय. आमच्यात एक लांब्या आहे, सहा फुटांच्या वरचा, सीट मागे ढकलून ढकलून मागच्या सीटवर नेतो. तो म्हणाला, "काळीत बसलं की अंगावर काटा येतो राव." माझ्या अंगावर काही आलं नाही. विभागप्रमुखांनी मला बोलावून विचारलं, "पगार आपली कंपनी देते, आठवतंय ना?" मी म्हटलं, "पगार खरं लिहायचा देते." एक गुण बदलला नाही मी.

आणि हो, अजूनही डाव्या पायातला बूट काढूनच चालवते. लांब्याने एकदा तो लपवून ठेवला होता. मी तशीच एक पाय अनवाणी जेवायला गेले आणि त्याच्या शेजारी बसले. मग मुकाट्याने आणून दिला.

वहिनीला नमस्कार. फोन करत बसू नकोस, लिही.

तुझी
ठकी

२१ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. मी शिष्ट झाले आहे, मोठ्या कंपनीत गेल्यापासून भावाचा फोन घ्यायला मला कमीपणा वाटतो, मागच्या वेळी घेतला तेव्हा नुसती 'हं हं' करत होते, हे सगळं वाचलं. तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट लिहिलं असतं. ते मी गिळलं. पण खाली, सही झाल्यावर, तू एक ओळ घातली आहेस: 'दोन गाड्यांवर पानभर लिहिलंस, त्यांचा आवाज कसा आहे ते कुठेच नाही.'

त्या ओळीवर मी दोन दिवस अडले. इथल्या कुणाला ते सुचलं नाही. तुला बरं सुचलं.

आवाज कसा आहे ते मला माहीत नाही, दादा. मला ऐकू येत नाही.

आता लगेच बॅग भरू नकोस. आधी पूर्ण वाच. डावा कान जाऊन बरीच वर्षं झाली. उजवा हळूहळू गेला. त्यात आता यंत्र लावते, केसांखाली दिसत नाही. शांत खोलीत समोर बसून कुणी बोललं तर ओठ बघून आणि यंत्राच्या मदतीने माझं भागतं. फोनवर नुसती खरखर येते. तुझा आवाज आहे एवढं कळतं, शब्द एकही कळत नाही. म्हणून हं हं, आणि मधूनमधून माझंच इकडचं चार वाक्यं सांगणं. तू त्या हं हंवर माझ्याशी कितीतरी वेळ बोललास याचं मला वाईट वाटतं, पण फोन ठेवून देण्यापेक्षा ते बरं वाटलं होतं. डॉक्टर म्हणतात हे घराण्यातून आलेलं आहे, हळूहळू वाढत जाणारं.

कुणाला सांगितलं नव्हतं. इथे कळलं ते असं.

लाल गाडी वर्कशॉपमध्ये नेली होती. तिथले मिस्त्री आमच्यापैकी सगळ्यात जुने. त्यांनी क्लच दाबला, सोडला, परत दाबला आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "ताई, हिचं क्लच बेअरिंग संपलंय. दाबलं की केकाटतंय. पलीकडच्या शेडमधली माणसं वळून बघतायत. तुम्ही एवढे दिवस चालवलीत, काहीच कसं नाही लिहिलंत?"

मी लिहिलं होतं ना. 'पेडल तळपायाशी बोलतं' असं लिहिलं होतं. मी जिला बोलणं समजून गुण दिले, ती थरथर मरत्या बेअरिंगची होती. बाकीच्यांनी म्हणे तोंडी तक्रार केली होती. माझ्या देखतच केली असणार. माझ्या अहवालातलं ते वाक्य लांब्याने मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळे हसले. हसताना दिसतात, त्याला कान लागत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर माझा भरवसा होता, त्यातच मी तोंडावर आपटले.

विभागप्रमुखांनी दार लावून घेतलं आणि माझ्या पाठीमागे जाऊन काहीतरी बोलले असणार. मी वळले नाही. मग समोर येऊन बसले आणि सावकाश म्हणाले, "कधीपासून?" मी सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "तुम्हाला टेबलावर बसवतो. इतरांचे अहवाल तपासा. पगार तोच, मान तोच. गाडी मात्र बंद." महिनाअखेरपर्यंत होकार लिहून मागितलाय.

मी होकार देणार नाही.

तू काय म्हणशील ते इथे बसून दिसतंय मला. तू म्हणशील, बरोबर बोलतायत ते, जिवापेक्षा गाडी मोठी नाही. तू बाबांना हेच म्हणाला होतास. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला, बाबांनी बाजू दिली नाही, ट्रकवाला उतरून तुझ्याशी भांडला, आणि त्याच संध्याकाळी तू चावी काढून कपाटावर ठेवलीस. मी तेव्हाही तुझ्याशी भांडले होते. तू म्हणालास, "काही झालं तर जबाबदार कोण?" काही झालं नाही, दादा. बाबा रोज सकाळी शेडमध्ये उभ्या गाडीत जाऊन बसायचे, बूट काढायचे, क्लच दाबायचे आणि सोडायचे. गाडी जागेवरून हलत नव्हती. तू ते बघायचास आणि आत जायचास. मी विसरलेले नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. तुला का सांगितलं नाही, याचं उत्तर हे आहे. तू माझ्याही चाव्या कपाटावर ठेवशील अशी भीती वाटली.

आता एक विचारते. बाबांना ऐकू येईनासं झालं कधी? आपण म्हणतो, म्हातारपणी. मी गेले काही दिवस हाच हिशेब लावतेय. आपल्याला शिकवताना चढावर गाडी उभी करायचे आणि तुझ्या-माझ्या कानांवर हात दाबून धरायचे, आठवतं? "इंजिनाचं काय ऐकतेस, पायाचं ऐक." डावा बूट पहिल्या दिवशीच काढायला लावायचे. विद्यार्थ्यांवर एवढं ओरडायचे की लोकांना वाटायचं काय तापट माणूस आहे. घरी आईशीही ओरडूनच बोलायचे, तेही प्रेमाने. आणि शिकवणाऱ्याच्या बाजूला जे दुसरं क्लच पेडल असतं, विद्यार्थ्याच्या पेडलाशी जोडलेलं, त्यावर त्यांचा अनवाणी डावा पाय कायम टेकलेला असायचा. आपल्याला वाटायचं, वेळ पडली तर दाबता यावं म्हणून. मला आता वाटतं, समोरचा काय करतोय ते त्यांना तिथूनच कळत होतं. आपण गाडी शिकलो तेव्हाच त्यांना ऐकू येत नव्हतं, दादा. निम्म्या गावाला त्यांनी तसंच शिकवलं आणि एकालाही खरचटलं नाही.

मला दया दाखवणारं पत्र लिहू नकोस. भांडायचं असेल तर जरूर लिही.

ठकी

९ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर आलं. 'गाडी सोड. घरी ये.' बस, एवढंच. तू टेलिग्राम कधीपासून लिहायला लागलास? वहिनीने मात्र सोबत चांगलं दोन पानं लिहिलंय. त्याच्याकडे नंतर येते, आधी इथलं सांगते.

मी होकार लिहून दिला नाही. विभागप्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, "टेबलावर बसवायचं असेल तर बसवा. पण आधी लालला नवं बेअरिंग घाला आणि काळीच्या त्या स्पीकरचा फ्यूज काढा. मग सगळ्यांना परत चालवू द्या. मलाही."

तो स्पीकर म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. काळीच्या डॅशबोर्डामागे एक स्पीकर आहे. रेस वाढवली की त्यातून इंजिनाची डरकाळी वाजते. खोटी, रेकॉर्ड केलेली, खऱ्या आवाजात मिसळून सोडलेली. हे आमच्या इथे सगळ्यांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि गाडीत बसल्यावर अंगावर काटा न येऊ देणं वेगळं. लांब्याचा काटा तिथून आला होता, अशी माझी शंका होती.

विभागप्रमुखांनी काळीची चावी उचलली. मग म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही." आणि फ्यूज स्वतः काढला.

सगळ्यांनी चालवल्या. लांब्या काळीतून उतरला तो कपाळाला आठ्या घालूनच. "हिच्या क्लचला काय केलंत? मेलाय. गिअरही सैल झाल्यासारखा वाटतो." दुसरा म्हणाला, गाडीतला जोरच गेला. मिस्त्री बाजूला उभे होते. त्यांनी शपथेवर सांगितलं की क्लचला आणि गिअरला कुणी हातही लावलेला नाही. मग विभागप्रमुखांनी खिशातून फ्यूज काढून दाखवला. सगळ्यांचे काळीचे गुण घसरले होते. माझे होते तिथेच होते, आधीही कमी आणि आताही कमी.

लालचंही लिहिते, नाहीतर तू म्हणशील सोयीचं तेवढंच सांगते. नवं बेअरिंग घातल्यावर ती थरथर गेली. मी लालचे गुण कमी केले. ते 'बोलतं' वगैरे खोडलं आणि खाली लिहिलं की माझी चूक झाली. तरी लाल काळीच्या पुढेच राहिली, कारण तिचा क्लच जिथे पकडतो तिथेच पकडतो. ते थरथरीवर अवलंबून नव्हतं.

लांब्या माझ्यासमोर येऊन उभा राहिला, वाकून, तोंड मला दिसेल असं. म्हणाला, "आवाजाचं मी बघतो. पायाचं तू बघ." तर आता तसंच ठरलंय. तो शेजारी बसतो, काय ऐकू येतं ते सांगतो, मी क्लच आणि गिअर लिहिते. झडपेचं काम इंजिनिअर मंडळींनी परत हातात घेतलंय, माझ्या नावाने बोटं मोडत. विभागप्रमुखांनी काळी बाजारात येईपर्यंतची मुदत दिली आहे, पुढचं पुढे. परवाना खात्यात मी स्वतः जाऊन कानाचं सांगितलं. तपासणी झाली, रस्त्यावर त्यांचा माणूस शेजारी बसून फिरून आला. मोठे आरसे बसवायला लावले आणि परवाना परत दिला. त्यावर आता कानाबद्दल एक शेरा आहे. असू दे. लपवायचं काही उरलं नाही म्हणून मला मोकळं वाटतंय. माझ्या चाव्या माझ्या खिशात आहेत आणि तिथेच राहतील.

आता वहिनीचं पत्र.

तिने तुझी तक्रार केली आहे. म्हणते, स्वयंपाकघरातून हाक मारली की हे ओ देत नाहीत, मुद्दाम करतात. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारी येऊन बोलून गेले. हल्ली विद्यार्थ्यांवर फार ओरडतात, दोन मुलींनी स्कूल सोडलं. आणि शेवटी लिहिते, 'वय झालं तसे विचित्र वागायला लागलेत. गाडीत शिकवायला बसताना डावा बूट काढून ठेवतात, अगदी मामंजींसारखं.'

मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठलेच. तू आयुष्यात कधी बूट काढून गाडीत बसला नाहीस, दादा. बाबांशी त्यावरून भांडायचास. पायाला घाण लागते म्हणायचास.

मग कळलं, दोन गाड्यांच्या आवाजाबद्दल तूच का विचारलंस. ज्याच्या कानांतून आवाज जायला लागलेला असतो त्यालाच तो इतका आठवतो. आणि तुझ्या पत्रात मागच्या फोनचा एवढा राग होता, पण मी त्या फोनवर हं हंच्या मधे जे सांगितलं त्यातलं एक वाक्य तू लिहिलं नव्हतंस. तुलाही ते ऐकू आलं नव्हतं. आपण दोघं एकमेकांना हं हं करत होतो.

म्हणून 'गाडी सोड, घरी ये' असं लिहिलंस ना? ते मला लिहिलंच नव्हतंस. स्वतःला लिहीत होतास. कपाटावर चावी ठेवणारा दुसरा कुणी नाही, म्हणून तूच ठेवायला निघालायस.

खबरदार. ती चावी खिशातून काढू नकोस. मी शनिवारी येते. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, तू कुरकुर केलीस तरी. मग परवाना खात्यात जायचं आणि तिथे सगळं खरं सांगायचं, माझ्यासारखं. म्हाताऱ्या गाडीला मोठे आरसे लावायचे. विद्यार्थ्यांवर ओरडणं बंद, त्या दोन मुलींकडे जाऊन माफी मागायची, मी सोबत येईन. आणि वहिनीला तू स्वतः सांगायचंस, समोर बसून. ती रडली तर रडू दे. तिला निदान कळेल की तू मुद्दाम ओ देत नाहीस असं नव्हतं.

संध्याकाळी आपण चढावर जाऊ. तू चालव. मी शिकवणाऱ्याच्या जागी बसेन, त्या दुसऱ्या पेडलवर पाय टेकवून. तू क्लच कसा सोडतोस ते मला कळेल, आणि मला कळलं हे तुला कळेल. बाबांना काय कळत होतं ते दोघांनाही कळेल. तू वाईट सोडलास तर मी तोंडावर सांगेन, लाज ठेवणार नाही.

घाबरू नकोस रे. माझं घाबरून झालं आहे, त्यातून बाहेर पडता येतं.

येण्याच्या बसची वेळ पाकिटाच्या मागे लिहिली आहे. काही विचारायचं असेल तर चिठ्ठी टाक, पण फोन करू नकोस. तो इथेही ऐकू येणार नाही आणि तिथेही.

तुझीच,
डाव्या पायात बूट नसलेली
ठकी